रविवारची नागरिक सभा आणि 'पाठपुरावा करणे'

घोडबंदरी
रवि, रात्री १०:५२

आधी पार्श्वभूमी सांगतो, मग प्रश्न.

घोडबंदर रोडला वाघबीळ ते ओवळा या पट्ट्यातल्या आठ सोसायट्यांचा मिळून आमचा एक नागरिक गट आहे. नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र तीन. एक फक्त कामाचा, एक सर्वांचा आणि एक या दोन्हींतून रागावून बाहेर पडलेल्यांचा. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेदहाला आळीपाळीने एकेका सोसायटीच्या पोडियमवर सभा भरते. शिवाय तीन महिन्यांतून एकदा जरा मोठा विषय घेऊन कुणा जाणकाराला बोलावतो. विकास आराखडा, मेट्रो, पाणी, मालमत्ता कर असं काहीतरी.

सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिळवायचं काम निघालं, तेव्हाच्या सभेला खुर्च्या पुरल्या नव्हत्या. लोक झाडांच्या कठड्यावर बसले होते. आजच्या सभेला सतरा जण. त्यातले चार यजमान सोसायटीच्या कमिटीतले, एक माइकवाला आणि एक गृहस्थ जिमला जाता जाता 'काय चाललंय' म्हणून थांबलेले.

सभा कशी होते? साडेदहा म्हणजे सव्वाअकरा. माइक आधी किंचाळतो. मग एक काका उठतात आणि 'मी इथे राहायला आलो तेव्हा रात्री बिबट्याचा आवाज यायचा' इथपासून सुरुवात करतात. मग टँकर, मग धूळ, मग मेट्रोच्या खांबांखालचा राडारोडा, मग माजिवड्याला अडकलेला पाऊण तास. मग कुणीतरी कुत्र्यांना खायला घालण्याचा विषय काढतं. कुत्र्यांचा विषय निघाला की सभा संपली असं समजायचं, कारण त्यानंतर लोक गटाशी नाही, एकमेकांशी बोलतात.

आज घरी येऊन वर्षभराची इतिवृत्ताची वही काढली. अकरा सभा. चौसष्ट मुद्दे. जवळजवळ प्रत्येकापुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'पाठपुरावा करणे.' कुणी? कधीपर्यंत? कुणाकडे? मराठीत 'करणे' लिहिलं की कर्ता लागतच नाही, आणि मी त्या सोयीचा वर्षभर फायदा घेतलाय.

एकच सभा खऱ्या अर्थाने कामी आली, आणि ती धड सभासुद्धा नव्हती. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस तोंडावर असताना, आमच्यातल्या एका वहिनींच्या ओळखीने एका खात्यातला तरुण कनिष्ठ अभियंता आला. भाषण द्यायला नव्हे; त्याला स्वतःलाच एक मोरी सापडत नव्हती. रस्त्याखालून पावसाचं पाणी नाल्यात सोडणारी ती मोरी कागदावर होती, जागेवर दिसत नव्हती. त्याने बरोबर आणलेला नकाशा टेबल टेनिसच्या टेबलावर पसरला. जाळी काढली. दोन कोपऱ्यांवर दोन बॅटी, तिसऱ्यावर त्याचा डबा, चौथ्यावर माझा फोन. भोवती आम्ही बारा-तेरा जण. कुणीही माइक मागितला नाही. प्रत्येक जण आपापली बिल्डिंग शोधत होता, आणि सापडली की लहान मुलासारखा खूश होत होता. तेवढ्यात मागे उभा असलेला आमचा रात्रपाळीचा वॉचमन पुढे वाकला आणि नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "साहेब, पाणी तिथून नाही चढत. इथून चढतं. मागच्या जुलैत पहाटे तीनला मी इथेच उभा होतो, गुडघाभर पाण्यात." अभियंत्याने पेन्सिलीने तिथे फुली मारली. आठवड्याभरात माणसं आली, पेव्हर ब्लॉक उचकटले, खाली मोरीचं झाकण निघालं. गाळ निघाला तो ट्रॉलीभर. त्या पावसाळ्यात बेसमेंटमध्ये पाणी शिरलं नाही.

तर प्रश्न असा: ठाण्यात, नवी मुंबईत ज्यांचे असे गट आहेत ते सभा कशा चालवतात? आणि या सगळ्याला कायद्यात काही जागा आहे का, की आपण आपले हौशी?

सरळवाकडा
रवि, रात्री ११:०४

सभेला चहा-बिस्किटं असतात का? तिथून सुरुवात करा.

घोडबंदरी
रवि, रात्री ११:०९

बिस्किटं असतात. चहा सोसायटीच्या 'भावनेवर' अवलंबून.

नौपाडाकरीण
सोम, सकाळी ७:३१

आमच्याकडे जुन्या ठाण्यात मोकळी जागा कमी आणि माणसं बोलकी, त्यामुळे शिस्त लावावीच लागली. आमचे नियम सांगते, पटतील ते घ्या.

एका सभेत विषय तीनच. ते आठ दिवस आधी फलकावर लागतात. फलकावर नाही तो विषय नाही. बिबट्याही नाही, कुत्राही नाही. बोलायला दोन मिनिटं. समोरच्या भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ आहे, आणि वेळ पाहायला आम्ही आठवीतल्या एका मुलीला बसवतो. मोठी माणसं एकमेकांचं ऐकत नाहीत, पण त्या पोरीने हात वर केला की गप्प बसतात. माइक नाही. तीस माणसांना माइक कशाला हवा? माइक हातात आला की माणसाला आपण गावदेवी मैदानात उभे आहोत असं वाटायला लागतं.

दुसरं. रविवार सकाळ साडेदहा ही वेळ कुणी ठरवली? पुरुषांनी ठरवली असणार. त्या वेळी घरातली बाई ओट्यापाशी असते. आम्ही शनिवार संध्याकाळ सहा केली आणि बायका दुपटीने वाढल्या. बायका आल्या की विषयही बदलतात. 'वाहतूक समस्या' हा विषय जाऊन 'शाळेच्या दारासमोर रिक्षा दोन रांगांत उभ्या राहतात' हा विषय येतो. दुसऱ्यावर काहीतरी करता येतं.

आणि राजकीय मंडळी आली तर स्वागतच, पण प्रेक्षकांत बसायचं. शाल, श्रीफळ, व्यासपीठ काही नाही. एकदा एक जण पुष्पगुच्छ स्वतःच घेऊन आले होते, आपला आपल्याला द्यायला. तो आम्ही घड्याळवाल्या मुलीला दिला.

निवृत्त_कारकून
सोम, सकाळी ११:१८

धागाकर्त्यांनी 'पाठपुरावा करणे' हे दोन शब्द पकडले ते बरोबर पकडले. मी एकतीस वर्षं एका महापालिकेत आवक-जावकपासून वरपर्यंत टेबलं केली. कुठली ते विचारू नका. नागरिकांची पत्रं आतल्या बाजूने कशी दिसतात ते सांगतो.

आपण 'मा. आयुक्त' म्हणून पत्र लिहिता, त्यात सात विषय घालता आणि खाली चाळीस सह्या घेता. ते पत्र आत आलं की त्याला शिक्का आणि क्रमांक मिळतो. मग ते वर जातं, 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असा शेरा घेऊन खाली येतं. ज्या टेबलावर पोचतं त्याला सातपैकी एकच विषय आपला वाटतो. तो त्या एका विषयाचं उत्तर देतो, 'सदर बाब तपासण्यात येत आहे'. उत्तर दिलं गेल्यामुळे पत्र निकाली. बाकीचे सहा विषय दप्तरी जमा. यात कुणाचा दुष्टपणा नाही. एका पत्राची सात पत्रं करणं हे कारकुनाचं काम नाही, ते तुमचं आहे.

म्हणून एक पत्र, एक विषय, एक जागा. जागा म्हणजे 'परिसरात' नव्हे. विजेच्या खांबाचा क्रमांक, दुकान, गेट, जे दिसतं ते लिहा. पत्र ज्याच्या हातात काम आहे त्याच्या नावे पाठवा. प्रभाग समितीचे सहायक आयुक्त, किंवा त्या खात्याचे कार्यकारी अभियंता. प्रत वर. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिक्का पुसट उठला तर पुन्हा मारायला सांगा. लाजू नका.

आणि प्रश्न असा विचारा की ज्याचं उत्तर कागदावर आधीच आहे. 'रस्ता कधी होणार' याचं उत्तर 'लवकरच'. त्याऐवजी 'या कामाचा कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) कोणत्या तारखेचा, कामाची मुदत किती, दोषदायित्व कालावधी कधी संपतो' असं विचारा. हे तीन आकडे फाइलीत असतातच. दोषदायित्व कालावधी चालू असेल तर खड्डा ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने बुजवायचा असतो, त्याला नवीन निधीची वाट पाहायची गरज नसते. सभेत कुणी हे एवढं वाचून दाखवलं तरी निम्मा आरडाओरडा कमी होईल.

उत्तर मिळालंच नाही तर माहितीचा अधिकार आहे, २००५ पासून. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर. तीस दिवसांत उत्तर. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर त्याच कार्यालयात पहिलं अपील, त्याला वीस रुपये. अर्जात 'का' विचारू नका. 'का' ही माहिती नसते; 'कागदाची प्रत द्या' ही माहिती असते.

पाटीपेन्सिल
सोम, दुपारी १:०२

का.काकांचा प्रतिसाद छापून सोसायटीच्या लिफ्टमध्ये लावतेय.

हरकतदार
सोम, रात्री ९:४७

कायद्यात जागा आहे का, या प्रश्नावर.

आहे. बरीच आहे. आपण तिच्यावर बसत नाही एवढंच.

१९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यातल्या २४३-एस कलमाने तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक केल्या. ठाण्यात नऊ आहेत, तुमची माजिवडा-मानपाडा. आपल्या महानगरपालिका अधिनियमाच्या २९-अ कलमानुसार या समितीत त्या भागातले नगरसेवक तर असतातच, पण त्या भागात काम करणाऱ्या स्वयंसेवी किंवा लोकवस्तीतल्या संस्थांचे तीनपर्यंत सदस्यही नेमता येतात. अट एवढीच की तो माणूस त्या भागातला मतदार हवा आणि संस्था मान्यताप्राप्त हवी. घोडबंदरी, तुमची नोंदणीच नाही म्हणताय. म्हणजे हे दार तुम्ही स्वतःच लावून घेतलंय.

दुसरी गोष्ट क्षेत्रसभा. २००५ मध्ये केंद्राचं जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान आलं. त्याच्या पैशाला एक अट होती, लोकसहभागाचा कायदा करा. म्हणून आपल्या राज्याने २००९ मध्ये अधिनियमात क्षेत्रसभेची कलमं घातली. गावात ग्रामसभा असते तशी शहरात क्षेत्रसभा: काही मतदान केंद्रांचं मिळून एक क्षेत्र, तिथले सगळे मतदार सभासद, नगरसेवक अध्यक्ष. कामं सुचवायची, प्राधान्य ठरवायचं, दिवे-नळ-शौचालय कुठे हवेत ते सांगायचं. म्हणजे तुम्ही पोडियमवर जे करताय तेच, फक्त सरकारी कागदावर.

तिसरी लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोर बसून ऐकतात तो महिन्याचा पहिला सोमवार. यात गट म्हणून गेलात तर फसाल. निवेदन वैयक्तिक स्वरूपाचं लागतं, विहित नमुन्यात, पंधरा दिवस आधी. म्हणून चाळीस सह्यांचं पत्र तिथे चालत नाही. ज्याच्या दारात पाणी तुंबतं त्या एकाच्या नावे अर्ज द्या आणि बाकीचे सोबत जा.

सरळवाकडा
सोम, रात्री १०:०१

क्षेत्रसभा प्रत्यक्ष भरलेली कुणी पाहिली आहे का? हात वर करा. मी ठाण्यात पन्नास वर्षं आहे, मी गणेशोत्सवाची, पाणीटंचाईची, रिक्षा युनियनची आणि एकदा चक्क भुताची सभा पाहिलीय. ही नाही पाहिली.

हरकतदार
सोम, रात्री १०:२०

मीही नाही. पण २०१७ च्या निवडणुकीत ठाण्यात १३१ जागा आणि ३३ प्रभाग होते, बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक. चौघांपैकी कुणाच्या क्षेत्रात कुठलं मतदान केंद्र हे मतदाराला कसं कळणार? मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर कित्येक वर्षं प्रशासक होता, तेव्हा तर अध्यक्ष व्हायलाच कुणी नव्हतं. त्यामुळे तुमच्या नगरसेवकांना विचारा, लेखी विचारा, का.काका म्हणतात तसं: 'आमचं क्षेत्र कोणतं आणि पुढची सभा कोणत्या तारखेला?'

ऐरोलीकर
मंगळ, सकाळी ८:१५

आमच्याकडे मे २०२० पासूनच प्रशासक आला होता, त्यामुळे ठाणेकरांनी उगाच दुःख सांगू नये :)

नवी मुंबईची गंमत वेगळी. सभेचा पहिला अर्धा तास 'हा विषय सिडकोचा की पालिकेचा' यातच जायचा. सिडको १९७० ची, पालिका सुरू झाली १९९२ ला. जमीन भाडेपट्ट्याने सिडकोची, बांधकाम परवानगी पालिकेची, ठाणे-बेलापूर पट्ट्यातला औद्योगिक भाग एमआयडीसीचा, खाडीतली खारफुटी वनखात्याची. एका बाईंनी 'माझ्या खिडकीसमोरचं दृश्य कुणाच्या अखत्यारीत येतं' असं विचारलं होतं, आणि तो विनोद नव्हता. त्या खिडकीतून खरंच तिघांच्या हद्दी दिसतात.

शेवटी आम्ही एक तक्ता केला. डावीकडे गोष्ट: पदपथ, गटार, पथदिवा, नाल्यावरची जाळी, खारफुटीतला भराव. उजवीकडे ती कुणाची, कुठलं कार्यालय, कितवा मजला. तक्ता करायला चार महिने लागले, पण आता सभेत विषय निघाला की आधी तक्ता बघतात. तुमच्याकडेही मेट्रोचं काम एमएमआरडीएचं, गाड्या वळवणं वाहतूक पोलिसांचं, वीज महावितरणची. पाणी तर ठाण्याला चार ठिकाणांहून येतं: पालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई पालिका. 'पाणी कमी येतंय' अशी तक्रार करायच्या आधी आपल्या भागात कुणाचं पाणी येतं ते माहीत असावं. (आमचं आपलं मोरबे. स्वतःचं धरण. मिरवणार.)

लोकलवीर
मंगळ, सकाळी ९:४०

ठाणे स्टेशनवरच्या पुलाचं काय? त्यावर कुणी का बोलत नाही? मी रोज...

पाटीपेन्सिल
मंगळ, सकाळी ९:४४

अवांतर. नवीन धागा काढा, तिथे येते भांडायला.

खाडीपल्याड
मंगळ, रात्री ११:३०

सगळे प्रतिसाद वाचले. कलमं, तक्ते, घड्याळ, सगळं चांगलं आहे. मी कळव्याला चाळीत वाढलो, अजून तिथेच राहतो. एक गोष्ट कुणीच विचारली नाही म्हणून विचारतो.

घोडबंदरी, तुमच्या वर्षातली एकच सभा कामी आली म्हणता. त्या सभेत नकाशावर बरोबर जागी बोट कुणी ठेवलं? अभियंत्याने नाही, कमिटीने नाही, बिबट्यावाल्या काकांनी नाही. वॉचमननी. ते तिथे सभेला आले नव्हते, ड्युटीवर होते, मागे उभे होते. त्यानंतरच्या सभांना तुम्ही त्यांना बोलावलंत का? त्यांचं नाव इतिवृत्तात आहे का?

तुमच्या आठ सोसायट्यांत रोज किती बायका कामाला येतात? त्या कुठून येतात, कुठल्या रस्त्याने चालत येतात, कुठे पदपथ संपतो आणि त्यांना गाड्यांच्या बाजूने जावं लागतं, हे त्यांच्यापेक्षा कुणाला जास्त माहीत आहे? पण सभा पोडियमवर. पोडियमला जायचं तर गेटवर वहीत नाव, फोन, कोणाकडे जायचंय. 'नागरिक गट' म्हणता तेव्हा नागरिक म्हणजे मेंटेनन्स भरणारा, असं तर नाही ना?

आमच्याकडे चाळीत सभा भरते ती नळावर. संध्याकाळी पाण्याच्या वेळी सगळ्या बायका तिथे असतातच. कुणाची लाइन फुटली, कुणाकडे जास्त दाब, कोण पंप लावतं, हे तिथे ठरतं. इतिवृत्त नसतं, पण विसरत कुणी नाही.

घोडबंदरी
बुध, सकाळी ६:५०

रात्री वाचलं, लगेच उत्तर दिलं असतं तर चिडून दिलं असतं.

गेटवरची वही सुरक्षेसाठी आहे, ती काही सभेला लोक येऊ नयेत म्हणून नाही. सोसायट्यांत चोऱ्या झाल्यात. हे एक.

दुसरं, इतिवृत्त काढून पाहिलं. जूनच्या सभेत लिहिलंय: 'उपस्थितांपैकी एकाने जागा दाखवली.'

नौपाडाकरीण
बुध, सकाळी ७:१०

'एकाने.' पुन्हा कर्ता गायब.

हरकतदार
बुध, दुपारी ३:२५

वेगळा मुद्दा, तुमच्या त्रैमासिक 'धोरण' सभांबद्दल. मी अशा दोन-तीन ठिकाणी बोलायला गेलोय. पस्तीस मिनिटं स्लाइड, दहा मिनिटं प्रश्न, त्यातले तीन प्रश्न म्हणजे भाषणं, मग रोपटं देऊन सत्कार. लोक म्हणतात 'छान माहिती मिळाली'. माहिती घेऊन घरी जातात आणि मुदत निघून जाते.

धोरणात सामान्य माणसाचा हात पोचतो तो मुदतीत. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे हरकती-सूचनांना तीस दिवस. आराखड्यात बाग, शाळा अशा कामासाठी राखलेल्या जागेचं आरक्षण बदलायचं असेल तरी नोटीस निघते आणि महिन्याची मुदत असते. झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे झाडावर आणि वर्तमानपत्रात नोटीस, हरकतीला फक्त सात दिवस. आता सांगा, महिन्यातून एकदा भरणारी सभा सात दिवसांची मुदत कशी पकडणार? गटात दोन माणसं अशी हवीत ज्यांचं काम रोज सकाळी जाहीर नोटिसांची पानं वाचणं. कंटाळवाणं काम आहे, निवृत्त माणसांना आवडतं.

आणि जाणकार बोलावलाच तर त्याला उभं करू नका, बसवा. एका ठिकाणी आम्ही स्लाइड बंद केल्या, चार टेबलं लावली. प्रत्येकाने आपल्या रस्त्यावरचं आरक्षण नकाशात शोधायचं, पटत नसेल तर तिथेच हरकत लिहायची: नकाशाचा भाग, आरक्षणाचा क्रमांक, आपलं म्हणणं, आपली सही. एकच मजकूर शंभर जणांनी छापून दिला तर सुनावणीत तो एकच मुद्दा म्हणून ऐकला जातो. शंभर जणांनी आपापल्या गल्लीचं लिहिलं तर शंभर जागांबद्दल बोलावं लागतं. लेखी दिलेल्यालाच सुनावणीला बोलावतात, हेही लोकांना माहीत नसतं.

शिवाय अंदाजपत्रक. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. आपल्याकडे तसा अर्ज नसला तरी पत्र द्यायला कुणी अडवत नाही. पण ते दिवाळीच्या आसपास द्या. फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडलं जातं तोवर आकडे बसलेले असतात, आणि मार्चच्या सभेत 'आमच्या नाल्याला भिंत हवी' म्हणून उपयोग नाही.

निवृत्त_कारकून
बुध, सायं. ६:०५

दिवाळीच्या आधी. दिवाळीनंतर टेबलावर मिठाईचे खोके असतात, पत्र ठेवायला जागा नसते.

पाटीपेन्सिल
गुरु, रात्री ८:१२

मग ठरलं काय? (मी आमच्या कोलशेतच्या गटात हेच सगळं आपलं म्हणून सांगणार आहे.)

घोडबंदरी
पाच आठवड्यांनंतर, शनि, रात्री ११:४१

धागा वर काढतोय, हिशोब द्यायला.

सभा आज झाली. रविवार सकाळ नाही, शनिवारी संध्याकाळी सात. विषय दोनच लावले, तिसरा सुचला नाही. घड्याळाला आमच्याकडे मुलगी मिळाली नाही, मुलगा मिळाला, तो फोनवर गेम खेळत होता, तरी चाललं. कुत्रे आले नाहीत. बिबट्या आला, पण दोन मिनिटांत गेला.

पत्रांचा हिशोब. चौसष्ट मुद्द्यांतले एकतीस कधीच कुणाचे नव्हते असं लक्षात आलं, ते खोडले. उरलेल्यांची आठ पत्रं केली, प्रत्येकावर एका माणसाचं नाव. पाचांना पोच मिळाली. दोन ठिकाणी 'हे आमच्याकडे येत नाही' म्हणून परत पाठवलं, म्हणजे ऐरोलीकरांचा तक्ता आता आम्हीही करतोय. एक पत्र ज्यांच्या नावावर होतं त्यांनी ते दिलंच नाही, आणि पहिल्यांदाच ते सभेत उभं राहून सांगावं लागलं. वाईट दिसलं, पण चालायचं.

मोठा विषय: पदपथ. तो कुठे तुटतो याचा नकाशा करायचा होता. खाडीपल्याडांचं मनावर घेऊन कामाला येणाऱ्या ताईंना बोलावलं. सहा जणी आल्या. सभा पोडियमवर न घेता खाली गेटबाहेरच्या मोकळ्या जागेत घेतली, टेबल टेनिसचं टेबल चौघांनी उचलून खाली आणलं. एकीने सांगितलं की पदपथ तुटतो तिथे नाही खरी भीती. वळणावर उभ्या केलेल्या टँकरमुळे मागून येणारी गाडी दिसत नाही, तिथे आहे. असं ठिकाण आम्हा कुणाच्याच यादीत नव्हतं. आम्ही त्या रस्त्याने चालतच नाही, गाडीतून जातो. सातवं पत्र बदलून आता वाहतूक पोलिसांना जाईल. त्याच्यावर त्या ताईंचं नाव आहे, त्यांनीच टाका म्हटलं.

आणि वॉचमन. शोध घेतला तर कळलं, एजन्सीने त्यांना जुलैतच दुसऱ्या साइटवर हलवलंय, मानपाड्याच्या पुढे. नंबर मिळवला, फोन केला. आधी त्यांना वाटलं काही तक्रार आहे. 'मी काय केलं साहेब?' मी म्हटलं, नकाशा आहे, याल का? आज ड्युटी संपवून युनिफॉर्मवरच आले, पावणेआठला. पावसाचं पाणी दोन साइटवर कसं वळतं ते एका दमात सांगितलं, आणि ते सांगताना नवा अभियंता (जुन्याची बदली झाली) डायरीत लिहीत होता.

सभा संपल्यावर बघितलं, त्यांना वर पोडियमवर चहाला नेलं होतं तेव्हा आमच्याच गेटवर नवीन वॉचमनने त्यांच्याकडून वही भरून घेतली होती. नाव, फोन, आलेली वेळ. 'कोणाकडे जायचं आहे' या रकान्यात त्यांनी लिहिलंय: सभा.

सरळवाकडा
शनि, रात्री ११:४६

चहा होता म्हणजे.

घोडबंदरी
शनि, रात्री ११:४८

होता. बिस्किटं मात्र संपली होती.